उंच जलकुंभ

गावाच्या किंवा शहराच्या नळयोजनेतील पाणी जमिनीपासून ठराविक उंचीवर साठवून ते गुरुत्वाकर्षणाने नळांत सोडण्यासाठी खांबांवर, बुरुजावर किंवा दंडगोलाकार भिंतीवर बांधलेल्या टाकीस उंच जलकुंभ असे म्हणतात. बोलीभाषेत ‘पाण्याची टाकी’ एवढाच तिचा उल्लेख होतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील बहुतेक मोठ्या गावांच्या क्षितिजरेषेत देवळाच्या शिखराबरोबर या टाकीची भर पडली. जलकुंभ हा पाण्याचा उगम नव्हे आणि पाण्याचा मोठा साठाही नव्हे. उगमापासून आलेल्या पाण्याला उंची देणे आणि पाणी चढविण्याची वेळ व पाणी वापरण्याची वेळ यांतील अंतर भरून काढणे, ही त्याची दोन कार्ये होत. ही मर्यादा ध्यानात न घेतल्यामुळे पुरेसा उगम, वीज किंवा वितरण व्यवस्था नसतानाही टाक्या उभ्या राहिल्याची उदाहरणे सर्वत्र आढळतात.

तत्त्व : स्थिर पाण्याचा दाब त्याच्या उंचीवर अवलंबून असतो, टाकीच्या रुंदीवर किंवा तीतील पाण्याच्या एकूण वजनावर नसतो. १० मी. उंचीच्या पाण्याच्या स्तंभामुळे तळाशी दर चौ. सेंमी.स सु. १ किग्रॅ. दाब निर्माण होतो. त्यामुळे पाणीपुरवठा अभियांत्रिकीत दाब हा मीटरमध्येच सांगण्याची पद्धत आहे. नळजोडणीच्या ठिकाणी एकमजली घरांसाठी किमान ७ मी., दुमजली घरांसाठी १२ मी. व तिमजली घरांसाठी १७ मी. दाब शिल्लक राहावा, असा संकेत भारतात पाळला जातो. टाकीपासून घरापर्यंत वाहताना नळाच्या भिंतीशी होणाऱ्या घर्षणामुळे काही उंची खर्च होते. ती हिशेबात धरून टाकीच्या तळाची पातळी ठरवितात. गावाजवळ योग्य उंचीची टेकडी असल्यास तिच्यावर जमिनीलगत टाकी बांधणे स्वस्त पडते. सपाट प्रदेशात मात्र ही टेकडी खांबांच्या रूपाने निर्माण करावी लागते.

दुसरे कार्य वेळेच्या समायोजनाचे होय. पाण्याची मागणी दिवसभर सारखी नसते. सकाळी व सायंकाळी ती वाढते, दुपारी कमी होते व मध्यरात्री जवळजवळ थांबते. लहान गावांत ऐन गर्दीच्या वेळची मागणी सरासरीच्या तिप्पट धरतात. पाच हजार वस्तीच्या गावास दरडोई ५५ लि. प्रमाणे दररोज २,७५,००० लि. पाणी लागते. ताशी सरासरी सु. ११,५०० लि. असली, तरी गर्दीच्या वेळी ही मागणी सु. ३४,५०० लि. वर जाते. टाकी नसेल, तर पंपाला चोवीस तास सज्ज राहून मागणीप्रमाणे कमीअधिक पाणी द्यावे लागेल. टाकी असल्यास पंप ठराविक तास एकाच गतीने चालवून पाणी वर चढविता येते व पुढील वाटप उंची करते. पंप दिवसातून किती वेळा व किती तास चालतो, यानुसार दिवसाच्या गरजेच्या सु. एकतृतीयांश ते निम्म्या क्षमतेची टाकी बांधतात. वीज खंडित झाल्यास वा आग लागल्यास काही तासांचा साठा हाती राहतो, हा यांखेरीज होणारा लाभ होय.

प्राचीन काळ : पाणीपुरवठ्यात पंपांचा वापर रूढ होण्यापूर्वीच्या जलमनोऱ्यांचे कार्य आजच्या टाकीच्या जवळजवळ उलट होते. पाणी डोंगरातून उतारावरून येत असल्याने दाब निर्माण करण्याची गरज नसे. अतिरिक्त दाब कमी करणे हाच प्रश्न असे. इ. स. ७९ मध्ये व्हीस्यूव्हिअस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात त्याचा उत्तम पुरावा मिळतो. शहराच्या उत्तरेकडील सर्वांत उंच वेशीपाशी पाणी वाटपाची वास्तू होती. तेथून दक्षिणेकडील सखल वेशीपर्यंत जमीन ३० मी.हून अधिक उतरते. एकसंध नळ टाकला असता, तर खालच्या वस्तीतील शिशाचे नळ व त्यांचे सांधे एवढ्या दाबाखाली टिकणे कठीण होते. म्हणून रस्त्यांच्या कोपऱ्यांवर सु. ६ मी. उंचीचे चिरेबंदी खांब उभारून त्यांच्या माथ्यावर शिशाच्या उघड्या टाक्या ठेवल्या होत्या. वरून आलेले पाणी प्रत्येक टाकीत विसावे व तेथून पुढच्या भागाला जाई. अशा रीतीने कोणत्याही घराला आपल्या जवळच्या खांबाच्या उंचीएवढाच दाब मिळे. इस्तंबूलमध्येही अशाच तत्त्वावरील दगडी मनोरे उभारलेले होते व त्यांना तुर्की भाषेत ‘पाण्याचा तराजू’ या अर्थाचे नाव होते.

दख्खनमधील जलमनोरे : महाराष्ट्र व त्यालगतच्या प्रदेशात या विद्येचा विकास सोळाव्या ते अठराव्या शतकांत झाला. विजापूर (आजचे विजयपुरा, कर्नाटक) येथे आदिलशाही काळात तोरवीकडून व पुढे १६५१ मध्ये बांधलेल्या बेगम तलावातून शहरात पाणी आणण्यात आले. चुनेगच्चीत बसविलेल्या भाजक्या मातीच्या नळांच्या मार्गावर ठिकठिकाणी चौकोनी दगडी मनोरे बांधण्यात आले. त्यांना ‘गंज’ असे म्हणत. त्यांची उंची सु. ८ ते १२ मी. असून त्यांपैकी काही आजही उभे आहेत. नळातून आलेले पाणी गंजाच्या आत वर चढे व दुसऱ्या नळाने खाली उतरून पुढे जाई. वरचे तोंड उघडे असल्याने नळात कोंडलेली हवा निघून जाई, दाब ठराविक मर्यादेत राही व वाहत आलेला गाळ तळाशी बसे. मातीचे नळ अतिरिक्त दाबाने फुटू नयेत, यासाठी केलेली ही योजना होती. नळ फुटल्यास शोध घेण्याचा टापूही दोन गंजांमधील अंतरापुरता मर्यादित होई.

अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर (मृत्यू १६२६) याने १६१० मध्ये खडकी हे नगर वसविले. पुढे ते औरंगाबाद या नावाने प्रसिद्ध झाले व २०२३ मध्ये त्याचे छत्रपती संभाजीनगर असे नामकरण झाले. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मलिक अंबरने या नगरासाठी ‘नहर-ए-अंबरी’ ही जलवाहिनी बांधली. उत्तरेकडील डोंगरपायथ्याच्या भूमिगत पाण्याचा पाझर गोळा करून ते उताराने शहरातील हौदांत आणण्याची तिची रचना होती. पुढील काळात याच शहरात आणखी नहरी निघाल्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळच्या पाणचक्कीला पाणी पुरविणारी नहर त्यांपैकीच एक होय. तेथे नळाने आलेले पाणी उंच भिंतीच्या माथ्यापर्यंत चढून हौदात कोसळते व त्याच्या बळावर दळणाचे जाते फिरविले जाई. पाणी आपल्या मूळ पातळीएवढे पुन्हा वर चढते, हे तत्त्व त्या काळच्या कारागिरांना अनुभवाने पूर्ण अवगत होते, याचा हा दृश्य पुरावा होय.

पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत (१७४०–६१) कात्रज येथे तलाव बांधून तेथून शनिवारवाड्यापर्यंत दगडी नळ नेण्यात आला. वाटेवर ‘उच्छ्वास’ ठेवलेले होते. त्यांतून हवा बाहेर पडे, तसेच नळात उतरून गाळ काढता येई. शहरात पाणी काळा हौद, बदामी हौद, फडके हौद इ. हौदांत येई व नागरिक तेथून ते भरून नेत. या सर्व योजनांमध्ये पाणी आपोआप येई, परंतु घरापर्यंत ते माणसाच्या खांद्यावरून किंवा डोक्यावरूनच पोहोचे. महाल, वाडे व उद्याने यांना स्वतंत्र नळ असत. सामान्य वस्तीला हौद असे.

बाष्पशक्तीचे युग : एकोणिसाव्या शतकात बाष्पचलित पंप व ओतीव लोखंडाचे नळ आल्यावर पाणी नदीतून थेट वर चढविणे शक्य झाले व जलमनोऱ्याचे कार्य बदलले. प्रारंभीच्या पंपांतील दट्ट्या मागेपुढे होताना नळांत धक्के बसत. ते शमविण्यासाठी उंच उभा नळ ठेवीत व त्याभोवती शोभिवंत मनोरा बांधीत. अमेरिकेतील लुइव्हिल येथील १८६० चा आणि शिकागो येथील १८६९ चा मनोरा ही याची प्रसिद्ध उदाहरणे होत. शिकागोच्या मनोऱ्यातील उभा नळ १३८ फूट (सु. ४२ मी.) उंच होता. १८७१ च्या भीषण आगीत शहराचा मोठा भाग जळाला, तरी हा मनोरा वाचला. पुढे उभ्या नळाऐवजी प्रत्यक्ष साठा करणारी टाकी माथ्यावर बसविण्याची पद्धत रूढ झाली.

मोठ्या टाकीचा तळ हा रचनेतील कठीण भाग असतो. सपाट तळाला फार जाड पत्रा लागतो व नुसता घुमटाकार तळ आधाराच्या कड्याला आडवा रेटा देतो. जर्मनीतील आखेन येथील प्राध्यापक ओटो इंट्‌झे (१८४३–१९०४) यांनी मध्यभागी घुमट व त्याभोवती शंकूच्या आकाराचा पट्टा अशी योजना केली. घुमटाचा रेटा बाहेरच्या दिशेने व शंकूचा आतल्या दिशेने येत असल्याने आधाराच्या कड्यावर ते परस्परांना जवळजवळ छेदतात. मूळची पोलादी टाक्यांसाठी असलेली ही रचना प्रबलित काँक्रीटमध्ये सर्वत्र पसरली. भारतातील मोठ्या टाक्यांचा खाली निमुळता होत जाणारा परिचित आकार तिचाच आहे. प्रबलित काँक्रीटचा इतिहासही पाण्याच्या भांड्यांशी निगडित आहे. फ्रान्समधील झोझेफ मोन्ये याने लोखंडी जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचे एकस्व १८६७ मध्ये घेतले व लवकरच नळ व टाक्या यांसाठीही ही पद्धत वापरली.

भारतात पोलादी टाक्यांचे सर्वांत भव्य उदाहरण कोलकात्याची टाला येथील टाकी होय. ती १९११ मध्ये सुरू झाली. पोलादी खांबांवर सु. ११० फूट (सु. ३३·५ मी.) उंचीवर ९० लाख गॅलन (सु. ४ कोटी लि.) पाणी साठविण्याची तिची क्षमता आहे. टाकीचे चार कप्पे असल्याने एक कप्पा स्वच्छतेसाठी रिकामा केला, तरी पुरवठा चालू राहतो. गंगेच्या सपाट गाळप्रदेशात टेकडी उपलब्ध नसल्याने एवढा खर्च करणे भाग पडले.

महाराष्ट्रातील शहरे : मुंबई, पुणे यांसारख्या शहरांना टेकड्यांचा लाभ झाला. मुंबईला १८६० मध्ये विहार तलावाचे व १८७९ मध्ये तुळशी तलावाचे पाणी मिळाले. तुळशी तलाव विहारपेक्षा पुष्कळ उंच पातळीवर असल्याने त्याचे पाणी मलबार टेकडीसारख्या उंच भागास देणे शक्य झाले. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात मलबार टेकडीवर व भंडारवाड्याच्या टेकडीवर झाकलेले जलाशय बांधण्यात आले. मलबार टेकडीवरील जलाशयाच्या छतावरच फिरोजशहा मेहता उद्यान आहे. ‘झुलती बाग’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या या जागेखाली शहराच्या दक्षिण भागाचा जलकुंभ आहे, याची अनेक पर्यटकांना कल्पना नसते. पुण्यात पर्वतीच्या परिसरातील उंचीचा असाच उपयोग झाला. नागपुरास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराच्या पश्चिमेकडील अंबाझरी तलावातून नळाचे पाणी मिळू लागले. विस्तार वाढल्यावर या शहरांनाही टेकड्या अपुऱ्या पडल्या व भागाभागांत काँक्रीटच्या उंच टाक्या उभाराव्या लागल्या.

भंडारा जिल्हा व अड्याळ परिसर : पूर्व विदर्भातील भंडारा जिल्हा वैनगंगेच्या खोऱ्यात असून तलावांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. पवनी तालुक्यातील अड्याळ हे भंडारा-पवनी मार्गावरील मोठे गाव याच धानाच्या पट्ट्यात येते. गोंड राजवटीत कोहळी समाजाने या प्रदेशात तलाव बांधण्याची कला विकसित केली. मालगुजारी पद्धतीत तलाव मालगुजारांकडे आले व १९५० च्या अधिनियमाने ती पद्धत संपुष्टात आल्यावर ते शासनाच्या ताब्यात गेले. तेव्हापासून त्यांना माजी मालगुजारी किंवा संक्षेपाने ‘मामा’ तलाव म्हणतात. शेतातील लहान साठ्यास ‘बोडी’ असे नाव आहे. हे तलाव व बोड्या जमिनीच्या नैसर्गिक उतारावर आडवा बांध घालून केलेल्या असून त्यांतील पाणी पाटाने खालच्या धानशेतीकडे जाते.

म्हणजे पाणी साठविणे ही कल्पना या प्रदेशाला नवी नव्हती. तलाव एका पावसाळ्याचे पाणी पुढील काही महिन्यांसाठी धरून ठेवतो, तर जलकुंभ केवळ काही तासांचे पाणी धरतो. तलावातील पाणी वस्तीच्या पातळीवर किंवा तिच्या खाली असते व ते शेतीस पुरते. घरात तोटीतून पडण्यास लागणारी उंची त्याच्याजवळ नसते. पिण्याचे पाणी मुख्यतः विहिरींतून काढले जाई व ही उंची स्त्रिया आपल्या श्रमाने देत. वर उल्लेखिलेल्या पाच हजार वस्तीच्या गावाचे २,७५,००० लि. पाणी १५ लि.च्या घागरीने वाहायचे झाल्यास दररोज १८ हजारांहून अधिक खेपा लागतील. एवढ्या खेपा अशक्य असल्याने पूर्वी पाण्याचा वापरच फार कमी होता. तेच पाणी १५ मी. उंचीवर चढविण्यास सिद्धांततः सु. ११ युनिटे व पंपाची एकूण कार्यक्षमता निम्मी धरल्यास सु. २२ युनिटे वीज लागते. उगम दूर किंवा खोल असल्यास अर्थातच खर्च वाढतो.

विहिरीवरील पाण्याला जातिभेदाचीही बाजू होती. पाणवठ्यावर कोणी जावे, याचे निर्बंध महाराष्ट्रात सर्वत्र पाळले जात. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये पुण्यातील आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याविषयीचा ठराव संमत झाला आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाड येथे चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी व तलाव यांच्या वापरावरील असे निर्बंध निषिद्ध ठरविले आहेत. नळयोजनेत पाण्याच्या उगमापाशी कोणीही जात नाही व एकाच टाकीतील पाणी सर्वांना मिळते. त्यामुळे पाणवठ्यावरील प्रत्यक्ष मज्जाव अर्थशून्य होतो. तथापि सार्वजनिक नळकोंडाळे कोठे बसवावे, मुख्य नळ कोणत्या वस्तीपर्यंत न्यावा व कोणत्या भागाला पाणी आधी सोडावे, हे निर्णय माणसांच्याच हाती राहतात. गावाच्या टोकाकडील वस्तीला कमी दाबाने पाणी मिळाल्यास जुनी विषमता नव्या रूपात टिकून राहते.

भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, त्यानंतर द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० पासून महाराष्ट्रात आहे. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर ग्रामीण पाणीपुरवठ्याची बरीच जबाबदारी त्यांच्याकडे आली. १९७२ च्या दुष्काळाने या प्रश्नाची तीव्रता राज्यभर जाणवली. त्याच सुमारास भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा सुरू झाली व केंद्र शासनाने १९७२-७३ मध्ये ग्रामीण पाणीपुरवठ्याचा त्वरित कार्यक्रम हाती घेतला. दरडोई ४० लि. हे त्यातील प्रमाण पुढे दीर्घकाळ प्रचलित राहिले. १९७६ च्या अधिनियमानुसार महाराष्ट्र पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळ अस्तित्वात आले. त्याचेच पुढे १९९७ मध्ये महाराष्ट्र जीवन प्राधिकरण असे नामकरण झाले. प्रारंभी विंधन विहिरी व हातपंप यांवर भर होता. विजेचे जाळे पसरल्यावर विहीर, पंपघर, उंच टाकी व सार्वजनिक नळ हा योजनेचा ठरीव साचा बनला. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक ग्रामीण घरात नळ व दरडोई किमान ५५ लि. पाणी असे उद्दिष्ट ठेवण्यात आले. सार्वजनिक नळाऐवजी घरोघरी जोडणी आल्याने जुन्या टाक्यांची क्षमता व उंची पुन्हा तपासणे आवश्यक झाले.

टाकीमुळे पाण्याच्या मूळ गुणात फरक पडत नाही. नागपूरचे सांडपाणी नाग व कन्हान या नद्यांतून वैनगंगेत येते. त्यामुळे या नदीवरील योजनांत शुद्धीकरणास विशेष महत्त्व आहे. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द प्रकल्पाचा विशाल जलाशय आहे. त्याच्या परिसरातील गावांसही शुद्धीकरण, वीज व वाहिनी यांच्या साखळीतूनच पिण्याचे पाणी मिळू शकते; जलकुंभ हा त्या साखळीतील शेवटून दुसरा दुवा होय.

खंडित पुरवठा : जलकुंभाची मूळ कल्पना अखंड पुरवठ्याची आहे. टाकी सदैव नळांशी जोडलेली असावी, पाणी कमी झाले की पंप सुरू व्हावा व ग्राहकाने हवे तेव्हा तोटी उघडावी, असे त्यात अभिप्रेत असते. भारतातील बहुतेक गावांत व शहरांत मात्र टाकी प्रथम भरून घेतात व मग व्हॉल्व्ह उघडून तास-दोन तासांत रिकामी करतात. मागणीतील चढउतार सांभाळणारी टाकी अशा वेळी पाण्याचे माप ठरविणारे भांडे बनते व व्हॉल्व्ह उघडणारा कर्मचारी हा गावच्या दिनक्रमाचा नियंता होतो.

या पद्धतीचे तांत्रिक परिणाम गंभीर आहेत. दिवसभराचे पाणी दोन तासांत वाहून नेताना नळांतील प्रवाह सरासरीच्या बारा पट होतो. नळ मात्र बहुधा तिप्पट प्रवाहासाठी योजलेले असतात. प्रवाह दुप्पट झाला, की घर्षणामुळे खर्च होणारी उंची सु. साडेतीन ते चार पट वाढते. परिणामी टाकी पुरेशी उंच असूनही तिची उंची टाकीजवळच्या काही गल्ल्यांतच संपते व दूरच्या घरांत पाण्याची बारीक धार येते. मग लोक नळाला थेट विजेचे पंप जोडून पाणी ओढतात व त्यामुळे पुढील घरांचा दाब आणखी घटतो. पुरवठा बंद असताना रिकाम्या नळांत बाहेरील दाब अधिक असल्याने गटारालगतच्या गळक्या सांध्यांतून दूषित पाणी आत शिरते. टाकीत निर्जंतुक केलेले पाणी घरात पोहोचेपर्यंत दूषित होण्याचे हे एक प्रमुख कारण होय. म्हणून शेवटच्या तोटीपाशीही पाण्यात दर लिटरला किमान ०·२ मिग्रॅ. मुक्त क्लोरीन शिल्लक असावा, असा निकष आहे.

चोवीस तास पुरवठ्यास अधिक पाणी लागते, असा समज आहे. गळती रोखून व मीटर बसवून पुरवठा केल्यास तसे घडत नाही, असा अनुभव सातारा जिल्ह्यातील मलकापूर (ता. कराड) येथे आला. तेथे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस मीटरसह अखंड पाणीपुरवठा सुरू करण्यात आला. पाणी केव्हाही मिळेल, अशी खात्री असल्यास घरात जादा साठा करण्याची व दुसऱ्या दिवशी शिळे म्हणून तो ओतून देण्याची सवय कमी होते.

बांधकाम व निगा : ग्रामीण टाक्यांची क्षमता साधारणतः ५० हजार ते २ लाख लि. व तळाची उंची सु. १० ते १५ मी. असते. १ लाख लि. पाण्याचे वजनच १०० टन असते व ते सर्व माथ्याशी एकवटलेले असल्याने भूकंपाच्या वेळी टाकी उलट्या लोलकासारखी हेलकावते. २००१ च्या भूज (गुजरात) भूकंपात पोकळ दंडगोलाकार बुंध्यावर उभ्या असलेल्या अनेक टाक्यांच्या बुंध्यांना तळाजवळ आडव्या भेगा पडल्या. द्रवपदार्थ साठविणाऱ्या काँक्रीटच्या बांधकामांसाठी आयएस ३३७० व टाकीच्या आधारांच्या आराखड्यासाठी आयएस ११६८२ (१९८५) ही भारतीय मानके आहेत. साध्या इमारतीत बारीक भेग चालू शकते. टाकीत ती चालत नाही, कारण तीतून झिरपणारे पाणी आतील सळ्या गंजविते व गंजलेली सळई फुगून काँक्रीटचा थर पाडते. क्लोरीनयुक्त दमट हवेमुळे टाकीच्या छताची आतील बाजू प्रथम जीर्ण होते. खालून पाहणाऱ्यास ती दिसत नाही.

टाकी ठराविक मुदतीने रिकामी करून तळाचा गाळ काढणे, भिंती घासून निर्जंतुक करणे, झाकणे व हवानळीची जाळी शाबूत ठेवणे, शिडी व पातळीदर्शक तपासणे ही नित्याची कामे होत. बंद टाकीत उतरण्यापूर्वी आत खेळती हवा असल्याची खात्री करणे आवश्यक असते. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (१९९२) पिण्याचे पाणी हा ग्रामपंचायतीकडे सोपविता येणारा विषय ठरला आहे. त्यामुळे पाणीपट्टीची वसुली, विजेचे देयक, पंपाची दुरुस्ती व विरंजक चूर्णाची खरेदी यांचा हिशेब बहुधा गावालाच ठेवावा लागतो. टाकी बांधण्याचा खर्च एकदाच व बव्हंशी शासकीय अनुदानातून होतो. ती भरण्याचा खर्च मात्र दररोजचा असतो. बंद पडलेल्या योजनांमागे बहुधा काँक्रीटचा दोष नसून या दैनंदिन खर्चाची तरतूद न होणे किंवा उगमाची विहीर उन्हाळ्यात आटणे हे कारण आढळते. भंडाऱ्यासारख्या तलावांच्या जिल्ह्यात या दोन्ही व्यवस्था परस्परपूरक आहेत. मामा तलावांचा गाळ काढून त्यांचा साठा राखल्यास परिसरातील विहिरींच्या पाझरास मदत होते व त्या विहिरींवर अवलंबून असलेल्या जलकुंभास उन्हाळ्यातही चढविण्यासाठी पाणी मिळते.